दोन दारांचे घर

पदव्युत्तर वर्गात आधुनिक मराठी कवितेची पार्श्वभूमी शिकवताना वर्डस्वर्थचे नाव टाळता येत नाही. केशवसुतांच्या पिढीने इंग्रजी कवितेचा जो संस्कार आत्मसात केला त्याची चर्चा करताना, किंवा बालकवींच्या निसर्गकवितेचे वेगळेपण सांगताना, हे नाव आपोआप फळ्यावर येते. त्याच्या मागोमाग काही शब्दही ठरल्याप्रमाणे येतात : निसर्ग, एकांत, आत्मनिष्ठा. गेली अनेक वर्षे मी हे शब्द जवळजवळ याच क्रमाने सांगत आले आहे. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत परत करतात आणि व्यवहार पूर्ण होतो.

दोन वर्षांपूर्वी या व्यवहारात खंड पडला. वर्डस्वर्थच्या ग्रासमीअर येथील घराचे छायाचित्र आणि खोल्यांचा आराखडा मी वर्गात दाखवत होते. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे घर तर रस्त्याला लागून आहे. इथे एकांत कुठून मिळणार?" तिच्या वडिलांची राज्यमार्गावर खानावळ आहे, पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत संसार. रस्त्याकडे तोंड असलेल्या घरात माणसे कशी राहतात, हे तिला पुस्तकातून शिकायचे नव्हते. मी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

वर्डस्वर्थचे हे घर आज 'डव्ह कॉटेज' या नावाने ओळखले जाते. इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्टमध्ये, ग्रासमीअर गावाच्या टाउन एंड या वस्तीत ते उभे आहे. विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी २० डिसेंबर १७९९ रोजी तेथे राहावयास आले आणि मे १८०८ मध्ये हे कुटुंब तेथून बाहेर पडले. या साडेआठ वर्षांत 'लिरिकल बॅलड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रसिद्ध प्रस्तावना लिहिली गेली, 'प्रील्यूड'चा १८०५चा खर्डा पूर्ण झाला, आणि आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली डॅफोडिल्सची कविता रचली गेली. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात इतक्या थोड्या काळात इतके काही पाहिलेल्या वास्तू फार नसाव्यात.

परंतु ही वास्तू कवीसाठी बांधलेली नव्हती. एवढेच नव्हे, तर ती मुळात कोणाचे घर म्हणून ओळखली जात नव्हती. ती एक पथिकाश्रम होती. 'डव्ह अँड ऑलिव्ह बाऊ', म्हणजे 'पारवा आणि ऑलिव्हची डहाळी', अशी पाटी तिच्यावर असे, आणि अ‍ॅम्बलसाइडहून केझिककडे जाणारा त्या काळचा मुख्य रस्ता तिच्या दारावरून जाई. गाडीवान, फेरीवाले, मेंढपाळ येथे थांबत, बिअर पीत, अंग शेकत आणि पुढे जात. १७९३ मध्ये हा धंदा बंद झाला. सहा वर्षांनी वर्डस्वर्थ भावंडे आली तेव्हा पाटी गेली होती. पण भिंती, खोल्या आणि रस्ता होते तसेच होते.

हे घर मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. आराखडा, छायाचित्रे आणि डोरोथीची रोजनिशी एवढ्या भांडवलावर मी बोलत आहे. तरीही आराखडा वाचणे हे कविता वाचण्याहून फारसे निराळे काम नाही असे मला वाटते. दोन्हीकडे काय कशाशेजारी ठेवले आहे हे पाहावे लागते.

स्थानिक दगडाच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याची सफेदी, वर स्लेटच्या पाट्यांचे छप्पर. खाली चार खोल्या, वर चार. सगळ्याच लहान, छत बुटके, खिडक्या आखूड. रस्त्यावरून आत पाऊल टाकले की आपण थेट मुख्य खोलीत येतो. येथील जमीन स्लेटच्या फरश्यांची आहे आणि भिंतींना काळसर ओक लाकडाचे तक्ते आहेत. राहत्या घरात ही योजना थोडी उदास वाटेल. पण चिखलाचे बूट, ओले कोट आणि सांडलेली बिअर यांची सवय असलेल्या जागेला ती अगदी योग्य होती. फरशी धुता येते आणि लाकडी तक्ता पाठ टेकणाऱ्याला गार लागत नाही. खालच्याच मजल्यावर एक कोठीघर आहे आणि त्याच्या फरशीखालून ओढ्याचे पाणी वाहते. त्या पाण्याने खोली थंड राहते आणि दूधलोणी टिकते. वरच्या मजल्यावर कुटुंबाने बैठकीची खोली केली, कारण तेथून तेव्हा सरोवर दिसत असे. समोर घरांची रांग पुढे उभी राहिली आणि ते दृश्य अडले.

वरच्याच मजल्यावर एक खोली इतकी लहान आणि गार होती की १८०० साली डोरोथीने तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली. उबेसाठी केलेला तो गरिबीचा उपाय होता. ती खोली पुढे मुलांकडे गेली. अभ्यासिका म्हणावी अशी स्वतंत्र खोली या घरात नव्हतीच. वरच्या एका खोलीची चूल धुराने घर भरून टाकी, अशी तक्रार विल्यमने पहिल्याच आठवड्यात कोलरिजला कळवली होती. म्हणजे वास्तूकडे नुसते पाहिले तरी एक गोष्ट उघड होते : येथे येणाऱ्याजाणाऱ्याची सोय होती, लेखकाची नव्हती.

या घराला पुढचे दार आहे, ते पथिकाश्रमाचे. ते रस्त्याकडे उघडते आणि त्याने रस्त्याला कधी नाही म्हटलेले नाही. डोरोथीने मे १८०० मध्ये रोजनिशी लिहावयास घेतली; तिची पाने चाळली की या दाराशी कोण कोण आले याची जणू नोंदवहीच हाती पडते. भिकारी, नोकरी सुटलेले खलाशी व सैनिक, मुलेबाळे घेऊन भटकणाऱ्या बाया, फेरीवाले. युद्धाचा, महागाईचा आणि मोडत चाललेल्या हातमागाचा तो काळ होता. जमिनीवरून उखडलेली माणसे त्या रस्त्याने जात होती. पाटी उतरली होती, पण दार ओळखीचे होते. बिअर मिळत नसे. भाकरीचा तुकडा आणि एखादे नाणे मिळे.

१८००च्या मे महिन्यात एक उंच बाई दाराशी आली. डोरोथीने तिला भाकरी दिली. नंतर तिची मुले रस्त्यात भेटली, त्यांनी आई मेल्याचे खोटेच सांगून पुन्हा भीक मागितली. डोरोथीने हे सारे लिहून ठेवले. जवळजवळ दोन वर्षांनी, मार्च १८०२ मध्ये, विल्यम त्याच प्रसंगावर कविता लिहू पाहत होता, तेव्हा तिने ते टिपण त्याला वाचून दाखवले; आणि तिच्या शब्दांतून त्याला बाहेरच पडता येईना, म्हणून कविता अडली, अशी नोंद तिने हळहळत केली आहे. कविता दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली हा भाग वेगळा. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही नोंद दोनदा वाचावी असे मी म्हणेन. 'लिरिकल बॅलड्स'च्या प्रस्तावनेत वर्डस्वर्थने कवितेची भाषा सामान्य माणसांच्या खऱ्याखुऱ्या बोलण्यातून यावी असा आग्रह धरला. हे बोलणे त्याच्या कानी आले कोठून, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्या पुढच्या दारात आहे. ते बोलणे आधी बहुधा डोरोथीने ऐकलेले असे, कारण दार उघडावयास तीच जात असे.

जळवा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याचेही तसेच. १८०० मध्ये हा वाकलेला वृद्ध भावंडांना रस्त्यात भेटला. बायको गेलेली, मुलांपैकी एकच उरलेला. जळवा मिळेनाशा झाल्या म्हणून तो भीक मागत होता आणि धार्मिक पुस्तके घेऊन विकण्याच्या खटपटीत होता. 'रेझोल्यूशन अँड इंडिपेंडन्स' या कवितेत हा म्हातारा माळावर भेटतो आणि कवी तेथे एकटा असतो. प्रत्यक्षात डोरोथी सोबत होती. कवितेने तिला वगळले. कवितेला तसे करण्याचा अधिकार आहे. तो मला नाकारायचा नाही. पण शिकवणाऱ्याने हे वगळणे वगळणे म्हणूनच शिकवले पाहिजे, जीवनातील वस्तुस्थिती म्हणून नव्हे.

या दाराची एक आठवण मला विशेष हलवून जाते. वर्डस्वर्थचा धाकटा भाऊ जॉन हा जहाजावर नोकरीला होता. १८००च्या आरंभी तो ग्रासमीअरला आला. वडिलांच्या मृत्यूनंतर विखुरलेल्या या भावंडांचे हे पहिलेच स्वतःचे घर. जॉन दोनदा दारापर्यंत आला, दोनदा त्याने कडीवर हात ठेवला, आणि दोन्ही वेळा आत जाण्याचा धीर न होऊन परत फिरला. शेवटी गावातल्या पथिकाश्रमात जाऊन त्याने आपण आल्याचा निरोप पाठवला. डोरोथीने हे पुढे लिहून ठेवले, तेव्हा फेब्रुवारी १८०५ मध्ये जहाज बुडून जॉन गेलेला होता. ज्या दाराशी शेकडो अनोळखी माणसे बेधडक आली, त्या दाराशी सख्खा भाऊ थबकला. पथिकाश्रमाचे घर होणे म्हणजे नेमके काय, हे याहून नेमकेपणाने सांगता येईल असे मला वाटत नाही. पथिकाश्रमात शिरावयास धीर लागत नाही. घरात शिरावयास लागतो.

आता दुसरे दार. हे घर डोंगरउताराला टेकून उभे आहे. त्यामुळे मागची बाग घराच्या तळमजल्याहून बरीच उंच आहे. वर्डस्वर्थ कुटुंबाने जिन्याच्या मधल्या टप्प्यावर भिंतीत एक दार पाडून घेतले. तेथून पाऊल टाकले की खालच्या खोल्यांतून न जाता माणूस थेट बागेत येतो. या बागेत त्यांनी डोंगरातून आणलेली रानफुले आणि नेचे लावले, भाज्यांचे वाफे केले, वरच्या अंगाला शेवाळाने शाकारलेली एक लहानशी खोपही उभारली. वर्डस्वर्थची रचना बहुतेक चालता चालता होई. टेबलाशी बसून लिहिणे त्याला जाच वाटे. त्यामुळे त्याची खरी अभ्यासिका ही बाग होती. पथिकाश्रमाच्या वास्तूत कवीने केलेला सर्वांत अर्थपूर्ण बदल कोणता, असे कोणी विचारले तर मी या दाराकडे बोट दाखवीन.

आपल्या अभ्यासक्रमांत शिरलेला वर्डस्वर्थ हा केवळ या मागच्या दाराचा वर्डस्वर्थ आहे. डोंगर, बाग, एकांत. माझे म्हणणे असे, की त्या मागच्या दाराचा अर्थच पुढच्या दारामुळे ठरतो. रस्त्यावर वसलेल्या, आठ लहान खोल्यांत गजबजलेल्या घरातील माणसाला भिंत फोडून एकांताकडे वाट काढावी लागते. वर्डस्वर्थला एकांत लाभलेला नव्हता, तो त्याने पाडून घेतला होता; आणि तो त्याला मिळावा म्हणून घरातील इतर माणसे खालच्या मजल्यावर राबत होती.

ही माणसे किती होती? १८०२ मध्ये मेरी हचिन्सनशी विल्यमचे लग्न झाले. १८०३, १८०४ आणि १८०६ मध्ये याच घरात तीन मुले जन्मली. डोरोथी होतीच, पुढे मेरीची बहीण सारा आली. शेजारची मॉली फिशर घरकामाला येत असे. केझिकहून डोंगर ओलांडून कोलरिज येई. १८००च्या ऑगस्टअखेरीस तर तो रात्री अकरा वाजता हेल्व्हेलिनचा डोंगर उतरून दारात उभा राहिला, तेव्हा चांदण्यात बागेत फिरणारी डोरोथी तेवढी जागी होती. १८०५ मध्ये वॉल्टर स्कॉट येऊन गेला. यजमान पाणीच पितात हे पाहून तो गुपचूप जवळच्या 'स्वान' पथिकाश्रमाकडे आपली तहान भागवावयास जाई, अशी आख्यायिका त्या भागात सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ती याच घराविषयी निर्माण व्हावी यात औचित्य आहे. विल्यमच्या कवितांच्या स्वच्छ प्रती डोरोथी आणि मेरी करीत. भाकऱ्या भाजणे, कपडे धुणे, वाटाणे खुडणे यांच्या मध्ये.

डॅफोडिल्सच्या कवितेचेच उदाहरण घेऊ. ती एकटेपणाच्या उच्चाराने सुरू होते हे सर्वांना ठाऊक आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराकाठी ती फुले दिसली तेव्हा डोरोथी बरोबर होती आणि त्या दिवसाचे तिचे टिपण कवितेच्या बरेच आधीचे आहे. शेवटच्या कडव्यात एकांताच्या आनंदाविषयी ज्या दोन ओळी येतात, त्या मेरीने सुचवल्या असे स्वतः वर्डस्वर्थने सांगून ठेवले आहे. त्या त्याला कवितेतील सर्वोत्तम ओळी वाटत. एकांताविषयीच्या ओळी भरल्या घरातील बाईने द्याव्यात, यात मला विरोधाभास दिसत नाही. एकांताचे मोल तिला अधिक ठाऊक असणार. तिला तो फारसा मिळत नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कविता स्वायत्त असते. कवीच्या घराच्या खोल्या मोजून तिचा अर्थ लागत नाही. आपण मोठ्या कष्टाने मागे टाकलेली चरित्रात्मक समीक्षा पुन्हा मागच्या दाराने आत आणू नये. मी स्वतः याच शिस्तीत वाढले आहे. पण माझा दावा वास्तूने कविता घडवली असा नाही. मग वास्तूचा उपयोग काय? आपण वर्गात जी 'कवी एकांतात होता' अशी विधाने करतो, ती कवितेविषयीची विधाने नसतात. तीही चरित्रात्मकच असतात, फक्त न तपासलेली. वास्तू ही त्या विधानांच्या तपासणीचे साधन आहे. चरित्र नको असेल तर खुशाल टाळावे. पण चुकीचे चरित्र शिकवून त्याला संहितानिष्ठा म्हणू नये.

शिवाय वर्डस्वर्थ आपल्या घराचा भूतकाळ विसरला नव्हता. १८०६ मध्ये लिहिलेल्या 'द वॅगनर' या कवितेत बेंजामिन नावाचा गाडीवान रात्री याच घरावरून जातो. पूर्वी येथे पारव्याची पाटी होती, आता येथे पाणी पिणारा एक साधा कवी राहतो, म्हणून मद्याचा मोह टाळू पाहणाऱ्या बेंजामिनला या दारापाशी तरी धोका नाही, असे कवी मिश्कीलपणे सांगतो. रस्त्यावरच्या गाडीवानाच्या नजरेतून स्वतःच्या घराकडे आणि स्वतःकडेही पाहणारा हा कवी आपल्या व्याख्यानांतल्या वर्डस्वर्थहून पुष्कळ मोकळा आहे. विसर पडला तो नंतरच्यांना.

तो विसर नावापासूनच सुरू होतो. वर्डस्वर्थच्या काळी या घराला 'डव्ह कॉटेज' म्हणत नसत. पत्ता होता नुसता टाउन एंड, ग्रासमीअर. हे नाव पुढे रूढ झाले. पाटीवरचा पारवा घेतला, पथिकाश्रम गाळला आणि त्या जागी 'कॉटेज' हा गोड शब्द बसवला. वर्डस्वर्थ कुटुंबानंतर १८०९ पासून थॉमस डी क्विन्सी तेथे आपल्या ग्रंथसंभारासह राहिला. त्याने बागेतली खोप पाडून झाडे छाटली, तेव्हा वर्डस्वर्थ कुटुंब दुखावले गेले. घर दुसऱ्याचे झाल्यावरही मागच्या दारापलीकडची जागा त्यांना आपलीच वाटत होती. १८९० मध्ये हे घर स्मारकासाठी विकत घेण्यात आले आणि १८९१ पासून ते लोकांना खुले आहे. पथिकाश्रम, घर, संग्रहालय असा हा प्रवास. आणि मौज अशी की शेवटच्या टप्प्यावर ते पुन्हा वाटसरूंचेच झाले. लोक येतात, अंमळ थांबतात आणि पुढे जातात.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. दरवर्षी कितीतरी सहली तेथे जातात. मुले खोल्यांतून फिरतात आणि फोटो काढतात. कवीच्या घरात नेल्यावर मुलांना काय विचारावे, याचा विचार आपण शिक्षकांनी फारसा केलेला नाही. कवी कोठे बसे, हे आपण सांगतो. पाणी कोण भरी, दार कोण उघडी, दारावरून कोण जाई, हे प्रश्नही त्याच खोल्यांत उभे असतात. कोकणातल्या घराला ओटी आणि माजघर असते. ओटीवरचे बोलणे माजघरात कितपत पोचे आणि माजघरातले कवितेत कितपत आले, हा मराठी कवितेच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो. त्यासाठी घर हे देव्हाऱ्यासारखे न पाहता दस्तऐवजासारखे वाचावे लागेल.

यंदा मी फळ्यावर शब्दांचा क्रम बदलला. आधी 'रस्ता' लिहिले, मग 'घर', आणि मग 'एकांत'. ती विद्यार्थिनी आता वर्गात नाही. पदवी घेऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आता देता येईल. त्या घरात एकांत मिळत नव्हता. तो जिन्याच्या मध्यावर भिंत फोडून काढावा लागला, आणि पुढचे दार तेवढ्या वेळात दुसरे कोणीतरी सांभाळत होते.